मारुतीचा उजवा खांदा

चैत्र लागला की आमच्या बाहेरच्या खोलीच्या भिंतीला फोड येतात. दुपारचं ऊन त्या भिंतीवर येऊन ठाण मांडतं, तैलरंग फुगतो आणि वर्तमानपत्र वाचता वाचता माझं बोट नकळत एखाद्या फोडाखाली जातं. पापुद्रा सुटतो. एकदा सुटायला लागला की हात आवरत नाही. सूनबाई म्हणतात, "बाबा, लहान मुलासारखं काय करताय?" रंगारी म्हणतो, "मास्तर, भित लई गुळगुळीत हाय. घासून घ्याय पायजे हुती. रंगाला धराय कायतर नगं का?" त्याचं बरोबर आहे. सूनबाईंचंही बरोबर आहे. मी आपला हातात पापुद्रा घेऊन बसून राहतो.

जन्मभर मी शाळेत विज्ञान शिकवलं. चिकटणं म्हणजे काय, ओलं कशाला म्हणायचं, पाण्याचा थेंब अळवाच्या पानावर का घरंगळतो आणि केळीच्या पानावर का पसरतो, हे सगळं फळ्यावर लिहिलं आणि पुसलंही. पोरांनी ते परीक्षेत लिहिलं आणि पास झाली. पण एखादी गोष्ट दुसरीला नेमकी का धरून राहते आणि नेमकी केव्हा सोडते, हे विचाराल तर मी आजही गडबडून जातो. चैत्रात तर फारच. हा गोंधळ माझ्या डोक्यात शिरला तो आमच्या पेठेतल्या मारुतीमुळे, आणि तेव्हापासून तो काही बाहेर पडलेला नाही.

आमची पेठ म्हणजे कोल्हापुरातली जुनी वस्ती. एका तोंडाला तालीम, दुसऱ्या तोंडाला पाण्याचा हौद, आणि मधल्या वळणावर मारुती. देऊळ काय, दोन माणसं आत उभी राहिली की तिसऱ्यानं पायरीवर थांबायचं. मूर्ती कमरेएवढी. मूर्ती म्हणायचं ते सवयीनं, कारण आमच्या आज्या-पणज्यांच्या वेळेपासून दर शनिवारी तिच्यावर तेल-शेंदूर चढत होता. त्या थराखाली नाक कुठं, हनुवटी कुठं याचा पत्ता लागत नव्हता. चांदीचे दोन डोळे तेवढे वर डकवलेले होते, तेही एक वर आणि एक जरा खाली. त्यामुळे मारुती सदानकदा काहीतरी आठवायचा प्रयत्न करतो आहे असं मला वाटायचं.

या मारुतीची ख्याती होती ती कौलासाठी. दौलूतात्या गुरव आंघोळ करून ओलेत्यानं आत जायचा, जास्वंदीच्या दोन पाकळ्या तांब्यात भिजवायचा, एक देवाच्या उजव्या खांद्याला लावायचा, एक डाव्या. मग गाऱ्हाणं घालायचा. उजवी पाकळी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. आणि आमचा मारुती म्हणजे मोठा दिलदार. तो नेहमी उजवीच द्यायचा. पोरीचं लग्न ठरवू का? व्हय. म्हैस घेऊ का? व्हय. भावावर फिर्याद करू का? व्हय. दुसऱ्या पेठांतली माणसं आपला देव सोडून आमच्याकडं यायची, कारण त्यांचे देव कधीमधी नाही म्हणायचे. एकदा तालमीतल्या दोन पैलवानांनी एकमेकांना न सांगता एकाच कुस्तीसाठी कौल घेतला. दोघांनाही उजवी मिळाली. कुस्ती तासभर चालली आणि बरोबरीत सुटली. तेव्हापासून पैलवान मंडळींनी कौल सोडून खुराकावर भिस्त ठेवली.

हसण्याची गोष्ट खरी, पण आमच्या घरात या कौलावर कुणी हसत नसे. आमच्या घरातला एक माणूस त्या पाकळीला टांगलेला होता.

माझा थोरला भाऊ पलटणीत होता. लढाई ब्रह्मदेशापर्यंत आली तेव्हा त्याची पलटण तिकडं गेली. मग एक दिवस तार आली की तो बेपत्ता आहे. मेला म्हणून नव्हे, जखमी म्हणून नव्हे, बेपत्ता. इतका अवघड शब्द आमच्या घरात त्याआधी कुणी वापरला नव्हता. त्याचं लग्न होऊन वर्षसुद्धा पुरं झालेलं नव्हतं. वहिनी कागलची, शेतकऱ्याची मुलगी, उंच, हाडापेरानं मजबूत. पाण्याच्या दोन घागरी घेऊन चालायची तरी मान हलायची नाही. तार आली त्या चैत्रात आईनं तिला मारुतीसमोर उभं केलं आणि दौलूतात्याकडून विचारून घेतलं, माझा ल्योक येनार हाय का? उजवी पडली. पुढच्या चैत्रात पुन्हा विचारलं. उजवी. मग ते दरसालचंच झालं. लढाई संपली, उजवी. स्वातंत्र्य मिळालं, उजवी. संस्थान विलीन झालं, राजाचं राज्य गेलं, तरी मारुतीचं उत्तर बदललं नाही.

कौल घेऊन घरी आलं की आई वहिनीच्या कपाळाला नवं कुंकू लावायची आणि मग वर्षभर तो विषय निघत नसे. वहिनीही काही बोलत नसे. तिच्या मनात काय चालायचं याचा आम्हांला कधी ताकास तूर लागला नाही. ती भाकऱ्या थापायची, म्हशीचं बघायची, संध्याकाळी उंबऱ्यात बसून धान्य निवडायची. गल्लीतून कुणाच्या नाल ठोकलेल्या जोड्यांचा आवाज आला की तिचा हात सुपात थांबायचा. आवाज पुढं गेला की परत चालू व्हायचा. मला ते दिसायचं, पण त्या वयात दिसलेल्या गोष्टीचं काय करायचं असतं हे कुठं कळतं?

मी सांगतो आहे तो चैत्र संस्थान विलीन झाल्यानंतरचा. मी कॉलेजात विज्ञानाला होतो आणि परीक्षा डोक्यावर आली होती. त्या दिवसांचा वास अजून माझ्या नाकात आहे. शेवटची गुऱ्हाळं चालू होती, त्यामुळे पंचगंगेकडून वारा आला की पेठेत काहिलीचा गोड धुरकट वास भरायचा. पुनवेला जोतिबाची यात्रा झालेली, म्हणून रस्त्यावरच्या प्रत्येक सदऱ्याला, बैलाच्या शिंगाला आणि देवळाच्या पायरीला गुलाल. दुपारी वळवाचे ढग यायचे, खूप गडगडायचे आणि न पडताच जायचे. उकाडा असा की पुस्तकाची पानं बोटाला चिकटायची. पाठ केलेलं मात्र डोक्याला चिकटत नव्हतं.

अशा एका दुपारी कागलहून वहिनीचा भाऊ आला. आम्ही सगळे त्याला अण्णाच म्हणायचो. पाणी प्यायला, गूळ खाल्ला, आणि आईसमोर मांडी घालून सरळ बोलला.

"मावशी, मनात ठिवून बोलाय मला येत न्हाय. मलकापूरकडं एक स्थळ हाय. बिजवर हाय, एक पोरगी हाय, भाताचं रान हाय. मानूस सरळ हाय. पंचांस्नी इचारलंय. सात वर्सं ज्याचा पत्त्या न्हाय, त्याच्या बायकूचा पाट लावाय, दुसरं लगीन कराय येतोय म्हनत्यात."

आई ताडकन म्हणाली, "माझा ल्योक जित्ता आसताना?"

"जित्ता हाय ह्ये कोन म्हनतंय?"

"मारुती म्हनतोय."

मारुतीपुढं कोण बोलणार? अण्णा म्हणाला, "मग आसं करूया. ह्या शनवारी कौल घ्या. व्हय म्हनला तर मी पुन्ना ह्यो विषय काडनार न्हाय. माझी भन हितंच म्हातारी हुईल. पर न्हाय म्हनला तर तिला माझ्यासंगं धाडा."

आई लगेच तयार झाली. तिला मारुतीची खात्री होती. वहिनी दाराआड उभी होती. तिला कुणी काही विचारलं नाही. मीही नाही.

आणि शनिवार यायच्या आधीच मारुतीनं खोळ टाकली. भर दुपारी तालमीतल्या पोरांना देवळातून धप्प असा आवाज आला. जाऊन बघतात तर देवाच्या डाव्या अंगाचा शेंदराचा अख्खा पापुद्रा सुटून खाली आलेला, हातभर लांब, बोटभर जाड. डावा डोळा त्याच्यासकट खाली. पेठ गोळा झाली. कुणी म्हणालं कोप झाला, कुणी म्हणालं हे शुभ असतं, देव कात टाकतो. मी बघितलं तर आत काळाभोर, घोटून घोटून आरशासारखा केलेला दगड. खांद्याचा गोल, त्यावरून गेलेली माळ, माळेचा एकेक मणी कसा नुकताच घडवल्यासारखा. इतका देखणा मारुती आमच्या पेठेत होता आणि आमच्यापैकी कुणी त्याला बघितलेलंच नव्हतं.

पंचांनी ठरवलं की अर्धा देव बरा दिसत नाही, उजवीकडचंही काढून घ्यावं, सगळं पंचगंगेत सोडावं आणि नव्यानं शेंदूर चढवावा. पण उजवी बाजू काही केल्या सुटेना. कोमट तेल ओतलं, लाकडी पाचरा लावल्या, शेवटी पाथरवटाला बोलावलं. त्यानं जपून एकेक ढलपी काढली तेव्हा खालचा दगड दिसला. उजवा भाग घडवलेलाच नव्हता. टाकीचे आडवेतिडवे घाव तसेच होते. मूर्तिकार अर्धं काम टाकून निघून गेला असावा. का गेला, कुणास ठाऊक. आजारी पडला असेल, राज्य बदललं असेल. त्या प्रत्येक घावात पहिल्या शनिवारचा शेंदूर उतरून, वाळून, दाताला दात लावून बसला होता.

तिथं उभ्या उभ्या माझ्या डोक्यात एक किडा शिरला. गुळगुळीत बाजूचा थर सुटला आणि खडबडीत बाजूचा टिकला, हे सरळ होतं. मग पाकळीही खडबडीत बाजूलाच टिकायला हवी. म्हणजे डावी आधी पडायला हवी. आणि आमच्या मारुतीनं तर जन्मभर उजवीच दिलेली. मी पुरता बुचकळ्यात पडलो. कॉलेजात प्राध्यापकांना विचारलं. ते चष्मा पुसत म्हणाले, "ते परिस्थितीवर अवलंबून असतं. परीक्षेला येणार नाही." मी घरी आलो.

आमच्या घरी दोन पाटे होते. एक झिजून गुळगुळीत झालेला, परसात पडलेला. दुसरा चटणीचा, त्याला नुकतीच टाकीवाली बाई टाकी लावून गेली होती. मी दोन्ही पाटे भिंतीला उभे केले, दोन्हींना तेल-शेंदराचे हात दिले, वाळू दिले, परत दिले. खालचा खडबडीतपणा वरच्या थरावरही उमटत राहिला, हे बोट फिरवल्यावर कळलं. मग जास्वंदीच्या पाकळ्या भिजवून लावल्या आणि उकिडवा बसून राहिलो. टाकीच्या पाट्यावरची पाकळी आधी पडली. परत लावली, परत तीच आधी. शेवटी माझ्या डोक्यात उजेड पडला, निदान मला तसं वाटलं. शेंदूर-तेल पातळ असतं, ते खाचांत उतरतं आणि धरून बसतं. पाकळी ताठ. ती खाचेत उतरत नाही, नुसती उंचवट्यांवर टेकते, खाली हवाच असते. म्हणजे जो खडबडीतपणा थराला धरून ठेवतो, तोच पाकळीला धरू देत नाही. आजसुद्धा आमच्या आतल्या खोलीच्या घासलेल्या भिंतीवर रंग छान टिकतो आणि नातवाची चिकटवलेली चित्रं पडतात. एकच भिंत एकाला धरते, एकाला सोडते. यात भिंतीचा स्वभाव कुठला समजायचा?

"भाऊजी, काय चाललंय ह्ये?"

वहिनी मागं उभी होती, कमरेवर घागर. मला खोटं बोलायला सुचलं नाही. मी तिला पाटे दाखवले, पाकळ्या दाखवल्या, मारुतीच्या उजव्या खांद्याचे घाव सांगितले. सगळं ऐकून घेईपर्यंत तिनं घागर खाली ठेवली नाही.

"म्हंजे," ती म्हणाली, "त्यो खोटं बोलत हुता व्हय इतकी वर्सं?"

"खोटं न्हवे, वैनी. त्यो काय बोलतच न्हवता."

तिनं पाट्यावरच्या पाकळीकडं बघितलं. ती आमच्यादेखत पडली. "आनि आत्याबाई?" तिनं सासूबद्दल विचारलं. "त्यास्नी सांगितलासा?"

"न्हाय."

"नगा सांगू," एवढं म्हणून ती आत गेली. रडेल, चिडेल, काहीतरी म्हणेल असं मला वाटलं होतं. आतून फक्त घागर रिकामी केल्याचा आवाज आला.

वर आणखी एक भानगड झाली. आईनं परसात येऊन चटणीचा पाटा बघितला आणि कपाळावर हात मारला. "आरं मुडद्या, पाट्याला शेंदूर फासलास? आता त्यो देव झाला! त्यावर लसून कसा वाटू मी?" माझं विज्ञान तिथं कामाला आलं नाही. पाटा धुऊ देईना, वापरू देईना. शेवटी तो तुळशीच्या कट्ट्याला टेकवून ठेवला, त्याला रोज फूल वाहिलं जाऊ लागलं, आणि शेजारची म्हातारी जाता-येता हात जोडू लागली. परीक्षेच्या आधी मी घरात एक देव वाढवला होता.

शनिवारी संध्याकाळी देवळासमोर पाय ठेवायला जागा नव्हती. मारुती नव्या शेंदरात ओळखू येत नव्हता. थर अजून पातळ असल्यामुळे पहिल्यांदाच त्याला खरं नाक, खरी हनुवटी आली होती. बायकांनी मारुतीला शिवायचं नसतं, म्हणून आई आणि वहिनी पायरीखाली उभ्या राहिल्या. अण्णा एका बाजूला, मुंडासं हातात. मी खांबाला टेकून. उजवी पडणार, हे मला ठाऊक होतं. आईलाही ठाऊक होतं. फक्त आमची कारणं वेगळी होती.

दौलूतात्यानं पाकळ्या लावल्या, हात जोडले आणि नेहमीचं गाऱ्हाणं सुरू केलं, "बा मारुतीराया, ह्या घरचं लेकरू परमुलखात…"

"तात्या, थांबा," वहिनी म्हणाली. मोठ्यानं. तिचा एवढा मोठा आवाज आम्ही कधी ऐकला नव्हता. "औंदा गाऱ्हानं मी सांगती तसं घाला. म्हनावं, मी मलकापूरला जाऊ का? जावं आसं आसंल तर उजवी दे."

आईनं तिच्याकडं वळून बघितलं. मला तेव्हा कळलं. मारुती उजवीच देणार हे मी तिला सांगितलं होतं. तिनं सवाल बदलला होता. हो म्हणणाऱ्या देवाला तिनं आपल्याला हवं ते विचारलं होतं. त्या गर्दीत हे फक्त आम्हां दोघांना माहीत होतं. तिनं माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही.

दौलूतात्यानं चाचरत तसं गाऱ्हाणं घातलं. आम्ही बघत राहिलो. उजवी पाकळी कडेनं सुटली, वाकली, लोंबली. पडली नाही. समईची ज्योत हलली, कुणीतरी खोकलं, तालमीतून शड्डूचा आवाज आला. उजवी तशीच लोंबत होती. आणि डावी, त्या घोटलेल्या, आरशासारख्या खांद्यावरची डावी, गपकन घसरली आणि देवाच्या पायाशी पडली.

मारुती नाही म्हणाला होता. आमच्या हयातीत पहिल्यांदा.

गलका झाला. आईनं डोळे मिटून हात जोडले, तिच्या गालांवरून पाणी वाहत होतं. अण्णानं मुंडासं डोक्यावर चढवलं, खाली बघत चपला शोधू लागला. मी खांबाला धरून तसाच उभा. नवा थर नीट वाळला नसेल? तेल जास्त झालं असेल, त्यानं पाकळी घसरली असेल? का तात्यानं उजवी अंगठ्यानं जरा जास्त दाबली? मी नंतर त्याला विचारलंही. तो म्हणाला, "मी निस्ता लावतो, पावनं. पाडायचं काम त्याचं." मला लहानपणापासून पोरा म्हणून हाक मारणारा माणूस त्या दिवशी मला पावणं म्हणाला, यावरून तो किती रागावला होता हे कळलं. माझा मात्र आजही उलगडा झालेला नाही. घरी पाट्यांवर शंभरदा लावा, टाकीच्या पाट्यावरचीच आधी पडते. देवळात उजवी एकदाच पडायला हवी होती, तेव्हा डावी पडली.

घरी आल्यावर वहिनी परसात भांडी घासत होती. मी जवळ गेलो.

"वैनी, माझं चुकलं. पडाय पायजे हुती उजवी."

"आसू दे की," ती राखेचा हात थांबवून म्हणाली. "बरं झालं."

"बरं?"

"मी लबाडी कराय गेलते, भाऊजी. त्याच्या तोंडून वदवून घ्याय गेलते. त्यानं न्हाय म्हनलं." मग तिनं तवा पालथा घातला. "आता मी जानार हाय. तिकडं वंगाळ झालं तर मारुतीच्या नावानं बोटं मोडायची सोय ऱ्हायली न्हाय. माझं मी निस्तरीन. अण्णाला म्हनावं, जाऊ नगंस, उद्या संगंच जाऊया."

देव हो म्हणत होता तेव्हा ती थांबली, आणि देव नाही म्हणाला तेव्हा ती निघाली. यातलं काय देवाचं, काय दगडाचं आणि काय तिचं, हे मी त्यानंतर कितीदा वेगळं करून बघितलं असेल. जमत नाही. इकडून सोडवावं तर तिकडं गाठ बसते. ती पुढं एकदा दसऱ्याला आली होती, तिच्या नव्या घरातली पोर हाताला धरून. त्या पोरीच्या वेण्या फार नीट घातलेल्या होत्या. सुखात आहेस का, असं मला विचारायचं होतं, पण सगळ्यांदेखत मी पाऊसपाणी कसं आहे तेवढंच विचारलं. "लई पडतोय," ती म्हणाली आणि हसली. ते हसू खरं होतं असं मला वाटतं. नक्की सांगता येणार नाही.

निघायच्या सकाळी आई तिच्याशी एक शब्द बोलली नाही. कालपासून बोलली नव्हती. मला वाटलं होतं ती दाराबाहेरही येणार नाही. पण मोटारीची वेळ झाली तशी आई उठली, फडताळातून खण काढला, तांदूळ आणि नारळ घेतला, आणि वहिनीला पाटावर बसवून तिची ओटी भरली. वहिनीनं पाया पडताना आईचे पाय सोडलेच नाहीत. अण्णाला शेवटी म्हणावं लागलं, "मोटार जाईल की." आई स्टँडपर्यंत आली. कागलची मोटार धूळ उडवत वळली आणि दिसेनाशी झाली, तरी ती तिथंच उभी होती. उन्हं वर आली होती. मी तिच्या डोक्यावर माझ्या पंच्याची सावली धरली.

ती माझ्याकडं न बघता म्हणाली, "मला म्हातारीला कायबी कळंना झालंय रं. त्यो येनार म्हनून मी हिला धरून ठिवली, आनि ही हाय म्हनून त्यो येनार आसं मला वाटायचं. आता ही गेली." मग ती वळली. "तू शिकल्याला हाईस. तू सांग. त्यो येनार हाय का न्हाय?"

तिथं गुरव नव्हता, पाकळ्या नव्हत्या. माझ्या जिभेवर खूप काही आलं, की सांगता येत नाही, की काहीही होऊ शकतं, की वाट बघूया. ती माझ्या तोंडाकडं बघत होती.

"न्हाय, आई," मी म्हणालो.

तिनं मान हलवली. पदरानं तोंड पुसलं. मग माझा हात धरला आणि म्हणाली, "चल. म्हशीला पानी दाखवायचं ऱ्हायलंय. आता मलाच बगाय पायजे."